शेवटचा ठोका

रविवारी दुपारी डोसा खायला गेलो, तर हॉटेलच्या कोपऱ्यात मंदार गिटार वाजवत होता. कॉलेजात त्याच्या रॉक बँडसाठी आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. आता तो एकटाच. पाठीमागे पाण्याचा कूलर आणि ताल धरायला पायाशी एक यंत्र.

प्रत्येक गाणं संपताना तो मागे वळायचा, गिटार वर उचलायचा आणि झटक्यात खाली आणायचा. मागे तर नुसता कूलर.

मधल्या वेळात चहाला माझ्या टेबलाशी आला, तेव्हा विचारलं, "कुणाकडे बघतोस रे?"

"ड्रमरकडे," तो म्हणाला. "बँडमध्ये शेवट एकट्याने करायचा नसतो. गिटार खाली आणायची, ती त्याच्या ठोक्याबरोबरच. बँड मोडला, पण मान अजून वळते."

"आणि हे यंत्र?"

"ते कधी चुकत नाही. पण माझ्यासाठी थांबतही नाही."

तो पुन्हा वाजवायला गेला. माझा चहा निवला. बायको गेल्यापासून मीही रोज दाराला कुलूप लावताना "येतो गं" म्हणतो. आत कोण आहे ऐकायला? पण म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाही. माणसं निघून जातात आणि त्यांची जागा आपण रोज झाडत बसतो. फार थकायला होतं.

शेवटचं गाणं झालं. यंत्र थांबलं. मंदार कूलरकडे वळला, गिटार वर गेली. मी टेबलावर तळहात आपटला.

माझा ठोका जरा उशिराच पडला. पण मंदारने गिटार तोवर वरच धरली होती.