डावा कान

आमचं गाव कुरखेड्यापासून आत, जंगलाच्या कडेला. धानाची कापणी, मळणी आटोपली की आईबाबा तेलंगणात मिरची तोडायला जायचे आणि मला मोठ्या आईकडे, म्हणजे बाबांच्या वहिनीकडे ठेवायचे. मोठी आई मला उपाशी ठेवत नव्हती, मारतही नव्हती. पण मी आले की तिचं निम्मं काम माझ्याकडे यायचं. पहाटे मोहफुलं वेचायची, पाणी भरायचं, तिच्या तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन फिरायचं. उरलेल्या वेळात शाळा.

माझा डावा कान तेव्हा वाहायचा. मोठी आई त्यात लसणाचं कोमट तेल सोडायची आणि कापसाचा बोळा घालायची. हळूहळू त्या बाजूनं ऐकू येईनासं झालं. वर्गात हाक मारली तरी मी वळत नसे, म्हणून मी मंद ठरले. मोठ्या आईला ते सोयीचंच होतं. "तिले शाळेतलं काई समजत नाई," असं सगळ्यांना सांगून ती मोहाच्या दिवसांत मला सरळ घरी ठेवायची. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

चौथीत आम्हाला नवीन मॅडम आल्या, चंद्रपूरच्या. शुद्धलेखन सांगताना त्या वर्गभर फिरायच्या. त्या उजवीकडे असल्या की माझी पेन्सिल चालते आणि डावीकडे गेल्या की थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि मागून हळूच माझं नाव घेतलं. उजवीकडून ऐकू आलं. डावीकडून त्यांनी हाक मारली, हे मला कळलंच नाही. मग त्या समोर येऊन उकिडव्या बसल्या.

"तू मंद नाहीस. तुला एका कानानं ऐकू येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

हे वाक्य मी आजही कुणालाही जसंच्या तसं सांगू शकते.

संध्याकाळी त्या घरी आल्या. मोठी आई म्हणाली, मोहाचा हंगाम होऊ द्या, मग नेऊ दवाखान्यात. मॅडमनी वाद घातला नाही. रजा टाकली आणि पहाटे टोपली घेऊन आमच्या झाडाखाली हजर झाल्या. पदर खोचून वेचत होत्या, पण फुलांपेक्षा पालापाचोळाच जास्त. मला हसू आवरेना. टोपल्या भरल्यावर मोठी आई म्हणाली, आता बाळाले कोण पाहीन? मॅडमनी तिच्या कडेवरचं बाळ स्वतःकडे घेतलं.

"यालाही नेते," त्या म्हणाल्या.

आणि खरंच नेलं. गडचिरोलीपर्यंत एसटीत ते त्यांच्या मांडीवर झोपलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या पडद्याला छिद्र आहे, आधी औषधानं कान कोरडा करू, मग ऑपरेशन, पण उशीर करू नका. मॅडमनी तिथूनच बाबांना फोन लावला. बाबा मिरची सोडून परतले. पुढे ऑपरेशन झालं. डाव्या कानानं मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली ती मोठ्या आईची हाक. पाणी भरायला बोलवत होती. मी गेले नाही. शाळेची वेळ झाली होती.

आज मी एसटीत कंडक्टर आहे. गच्च भरलेल्या गाडीत मागून कुणी हळूच "थांबवा" म्हटलं तरी मला ऐकू येतं.

मध्यंतरी मोठ्या आईला मी विचारलं, तेव्हाच दवाखान्यात का नेलं नाही? ती धान पाखडत होती. थांबली नाही.

"नेलं असतं, अन् तू शाळेत हुशार निघाली असती, तर माह्या लेकराले कोण पाह्यलं असतं?"

म्हणजे मी मंद नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं. मला राग आला, आणि तो येऊ दिला. तिच्याकडे मी आजही जाते, जेवते, पण तिच्या त्या वागण्याला मी गरिबी म्हणत नाही. तो स्वार्थ होता.

कारण लेकरू सांभाळायला कुणीतरी हवं, ही गरज मॅडमनाही होती. त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा जेमतेम रांगत होती आणि मला गडचिरोलीला नेलं त्या दिवशी, अंगात ताप असताना, ती शेजारणीकडे होती. हे मला मॅडमनी कधीच सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी त्या शेजारणीनं सांगितलं.