दोनशेवा पक्षी

“पहिले काठ दख, मंग पदर.” नाना हे साडीबद्दल नव्हे, पक्ष्याबद्दल बोलायचे. काठ म्हणजे पंखाची कडा, पदर म्हणजे शेपटी. ‘बोलायचे’ असं लिहितानाही माझा हात अडखळतो. महिन्यापूर्वी मी ‘बोलतात’ असंच लिहिलं असतं.

धुळ्यात माझ्या औषधाच्या दुकानाला लागून त्यांचं साड्यांचं दुकान. जन्म गादीवर बसून साड्या उलगडण्यात गेला. पहिल्यांदा खंड्या पाहिला तेव्हा ओरडले, “चिंतामणी निळी पाठ, चॉकलेटी पोट, छाती पांढरी शुभ्र! हाऊ कोन शे भो?” रंग अचूक, नाव मात्र हमखास चुकायचं. एकदा कोकिळाच्या मादीला ससाणा समजून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मी चूक दाखवली, तर म्हणाले, “मंग पेढा परत दे!”

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी ठरवलं, वर्षभरात दोनशे पक्षी बघायचे. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, “जनमभर बठ्ठासले रंग दखाडात. आते मी दखसू.” जन्मभर सगळ्यांना रंग दाखवले, आता स्वतः बघणार म्हणे! घरचे हसले. मीही हसलो, पण दर रविवारी स्कूटर मीच काढायचो.

डिसेंबर संपत आला आणि एकच पक्षी उरला. सोनगीरच्या अलीकडे एका तळ्यावर थंडीत शंकर नावाचा चिमुकला पाहुणा येतो, गळ्यावर निळाईचा पट्टा असलेला. त्याच्यासाठी नाना अक्षरशः झुरत होते.

त्या सकाळी ते पुढे बाभळीला टेकून बसले, दुर्बीण डोळ्यांना. मी दहा पावलं मागे. आमचा नियम ठरलेला होता. पक्षी दिसला की नानांनी मागे न बघता पंजा उचलायचा आणि मी होतो तिथे गप्प उभं राहायचं. एकदा मी नेमका तेव्हाच खोकलो, तर आठवडाभर त्यांनी अबोला धरला होता.

नानांचा पंजा वर गेला. मी थांबलो. आणि मलाही दिसला, पाणकणसाच्या मुळाशी, शंकर! नानांचा हात हळूहळू खाली आला. मनात म्हटलं, बघू द्या म्हाताऱ्याला पोटभर. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. बऱ्याच वेळानं पक्षी उडाला, तरी नाना रंग सांगेनात. पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर ते माझ्याच अंगावर कलंडले.

डॉक्टर म्हणाले, हृदय एका झटक्यात थांबलं, तुम्ही धावला असता तरी उपयोग नव्हता. असेलही. पण तुम्हीच सांगा, तो पंजा मला थांबवायला होता की बोलवायला? मी सुन्न आहे. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मला काय मागितलं तेच कळत नाही.

दहाव्याला नानांच्या मुलानं मला बाजूला घेतलं. “काका, दोनशे झाले ना त्यांचे? त्यांनी पाहिला ना तो?”

“पाहिला,” मी म्हणालो.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि घरात सगळ्यांना सांगायला गेला. मला माहीत नाही हो. मला खरंच माहीत नाही.