सुलूची न केलेली टेस्ट

काल सुलूचा, माझ्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस होता. करी रोडला तिच्या घरी गेले ती मनाशी ठरवूनच... आज विषय काढायचाच.

मागच्या वर्षी मला ब्रेस्ट कॅन्सर झाला. आई त्यातच गेली होती, म्हणून परळच्या डॉक्टरांनी माझी जेनेटिक टेस्ट करून घेतली. दोष आईकडूनच आलेला निघाला. बहिणीचीही टेस्ट करा म्हणाले, वेळेत कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

सुलू टेस्टचं नाव काढू देत नाही. घाबरते म्हणून नाही हो... माझ्या आजारपणाच्या खर्चानं घर कसं पोखरून निघालं ते तिनं पाहिलंय. म्हणून तिनं हेल्थ पॉलिसी घेतली. एजंट तिच्याच मजल्यावरचा. त्यानं आपुलकीनं सल्ला दिला की फॉर्मात बहिणीचं आजारपण लिहा, पण टेस्ट एवढ्यात करू नका. दोष निघाला तर कंपनी काय करेल, सांगता येत नाही.

मी चिडले. कायदा नावाची काही चीज आहे की नाही? वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, जीन्सवरून कुणाला नाकारू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. कोर्टात भांडता येतं... पण त्यासाठी माणूस धडधाकट हवा ना!

तर काल जेवणं झाल्यावर मी विषय काढलाच. सुलू ताटं उचलत शांतपणे म्हणाली, "ताई, पॉलिसी जरा जुनी होऊ दे, मग कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत म्हणे. तेव्हा करते."

"आणि तोवर काही झालं तर?"

"झालं तर पॉलिसी आहे. पण तीच गेली तर माझ्या पोरीच्या गळ्यात कर्ज पडेल गं."

तिचं चुकतंय म्हणायला तोंडच नव्हतं... आणि बरोबर आहे म्हणायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी मी तिला ओवाळलं. ओवाळून झालं की मोठ्यांनी 'औक्षवंत हो' म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. दरवर्षी मी ते सवयीनं म्हणून टाकते. काल मात्र ओवाळून झालं तरी मी तबक फिरवतच राहिले. सुलू पाटावर बसून थांबली होती. मग हळूच म्हणाली, "म्हण ना, ताई."

म्हटलं मी. जे कायद्याकडे मागायचं, ते काल देवाकडे मागितलं... दुसऱ्या कुणाकडे मागणार?