टाकीवरचं नाव

वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, नाहीतर घरातल्या मोठ्यांकडून ऐकला असेल. त्या माणसाला जेवायला कुठे बसवत, हे तुम्ही कधी विचारलंत का?

माझ्या मामाला मांडवाबाहेर बसवत. सगळ्या पंगती उठल्यावर, बैलगाडीच्या चाकाशी. वैनगंगेच्या काठावर, चामोर्शीकडे, मार्कंड्याच्या जत्रेला पायी जाता येईल इतक्या अंतरावर त्याचं गाव आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बत्त्या वाहायचा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पेटती बत्ती, मान वळवायची सोय नाही. नवरदेव कसा दिसतो हे आपल्याला कधीच कळलं नाही, असं तो हसत सांगतो.

मग एका वर्षी तिथल्या आमच्या वस्तीने ठरवलं की दुसऱ्याचा उजेड आता डोक्यावर घ्यायचा नाही. गावाने वर्षभर आमच्या लोकांना कामावर बोलावलं नाही. त्याच वर्षी वस्तीने स्वतःची गॅसबत्ती आणली, विहारातल्या सभांसाठी. तिचा एकच नियम होता: ती हातात धरून न्यायची. कितीही जड वाटली तरी डोक्यावर ठेवायची नाही.

ही सगळी हकीकत मला माहीत असायला हवी होती. माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील पत्रकं छापून आणत आणि वाटत. उरलेल्यांची कव्हरं माझ्या वह्यांना लागत. अक्षरं मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' यावरून शिकले. पंधराव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं आणि तेव्हापासून मला सगळं समजतं असं मला वाटू लागलं.

बारावीच्या सुट्टीत मी मामाकडे होते. जयंतीच्या आधी विहार रंगवायचा होता. मामा मोहफुलं वेचायला रानात गेलेला. विहारातल्या कपाटावर एक काजळलेली गॅसबत्ती पडली होती, काच फुटलेली, पंप अडकलेला. मी पोरापोरींना जमवून सांगितलं की हे आपल्या गुलामीचं चिन्ह आहे, याला विहारात जागा नाही. पोरं माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. दारावर भंगारवाला आला तेव्हा मोडक्या खुर्च्यांसोबत मी ती बत्तीही देऊन टाकली. बदल्यात दोन प्लास्टिकच्या बादल्या मिळाल्या. चुना कालवायला लगेच उपयोगी पडल्या.

मामा परत आला, कपाटाच्या वर बघत उभा राहिला.

"बत्ती कुठी हाय?"

मी त्याला पुन्हा तेच भाषण ऐकवलं, जरा वाढवून. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि हात धुवायला निघून गेला.

दहा वर्षं तो या विषयावर काही बोलला नाही. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या भागातल्या, चळवळीत राबलेल्या पण कुठेच नोंद नसलेल्या बायांवर एक पुस्तिका करत होते. मामाला म्हटलं, वस्तीतल्या अशा बायांची नावं सांग.

"एक नाव लिवलेलं होतं," मामा म्हणाला. "तू भंगारात देल्लं."

तेव्हा मला कळलं. ते नाव त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं, म्हणजे माझ्या मावशीचं. मी तिला पाहिलेलं नाही. ती तापाने गेली तेव्हा माझ्या आईला दुधाचे दात होते. वस्तीला बत्ती हवी होती आणि कोणाकडे काही नव्हतं. मावशीकडे तिच्या आईने दिलेला पितळेचा गुंड होता, पाणी भरायचा. तिने तो काढून दिला. भांड्याच्या दुकानात गुंड मोडीत घालून बत्ती घेतली. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे खिळा आणि हातोडी हातात घेऊन विचारलं, नाव काय टाकू? वस्तीचं नाव टाकतील असं सगळ्यांना वाटत होतं. मामा तेव्हा कोवळा पोरगा. त्याने बहिणीचं नाव सांगितलं. दुकानदाराने टाकीवर, पंपाच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी ते कोरलं.

मावशी शाळेत गेली नव्हती. तिचा फोटो नाही. मतदार यादीत नाव चढण्याआधीच ती गेली. तिचं नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि काजळीखालचं ते नाव न बघता मी बादल्या घेतल्या.

"माह्या डोळ्यानं एक डाव पाह्यतो," मामा म्हणाला. "मंग झालं."

आता त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्यातही उतरू लागला आहे.

तेव्हापासून माझे रविवार जुन्या मालाच्या दुकानांत जाऊ लागले. गडचिरोली, मूल, चंद्रपूर. भंगाराच्या दुकानात आधी वास येतो, गंजाचा आणि मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा. तो विरायला तयारच नसतो. स्टोव्ह तर किती बघितले: तीन पायांचे पितळी, बर्नर काळा पडलेला, पिन मारून मारून भोक मोठं झालेलं. एका दुकानात पत्र्याच्या डब्यात घडी घालून ठेवायचा स्टोव्ह होता. दुकानदार म्हणाला, जंगल मोजायला आलेले साहेब मुक्कामाला तो वापरत. डब्याच्या झाकणात चहाचे डाग अजून होते. मला वाटलं नव्हतं, पण या वस्तू मला आवडू लागल्या. वायसर कसा तेलात भिजवायचा, पंप कुठवर मारायचा, मेंटल, म्हणजे बत्तीची जाळी, पहिल्यांदा जाळताना हात कसा आवरायचा, हे मी दुकानांच्या ओट्यांवर बसून शिकले. गुलामीचं चिन्ह असं एका दमात म्हणून टाकलेल्या वस्तूत इतकी कारागिरी असते, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

घुग्घुसच्या रस्त्यावर एक दुकान आहे. कोळशाचे ट्रक जातात तसतसा मालावर काळा थर चढत जातो. पाटीवर 'अँटिक' लिहिलंय, खाली भंगाराचा काटा. मालक पन्नाशीचा, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा सरकवून बसलेला. मागच्या खोलीत पितळ घासून चकचकीत करायचं त्याचं बफचं चाक घरघरत होतं. मी गॅसबत्ती मागितली.

"चालू पाह्यजे का लटकवायची?"

"नाव असलेली पाहिजे."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "नाव असलं तं मी पह्यले बफ मारतो. नावाचा माल कोणी घेत नाई, ताई. गिऱ्हाईकाले वाटते चोरीचा हाय."

मला राग आला. मी त्याला विचारलं की एखाद्या माणसाची या जगातली एकमेव खूण तुम्ही चाकावर धरून घासून काढता, तुम्हाला काही वाटत नाही का? मग वस्तूचा इतिहास, कष्टकऱ्यांची स्मृती, बाजार, सगळं बोलून झालं. आत चाक बंद पडलं. त्याने ऐकून घेतलं.

"ताई, तुमी घ्यायले आल्या का सभा घ्यायले?"

काट्यावर लोखंड टाकायला आलेला माणूस हसला. मलाही हसू आलं, म्हणून भांडण तिथेच राहिलं. मालकाने स्टूल पुढे केलं आणि मी खरी गोष्ट सांगितली. तो चाकाकडे बघत राहिला.

"चामोर्शीकडचा माल माह्याकडेच येते," तो म्हणाला. "दहा वर्साचा म्हणता, तं तो ताडोब्याच्या गेटाकडे गेला असन. तिथल्या हॉटेलवाल्यायले मीच देल्लं लय. अन ठिपके पुरे जात नाई बरं. बत्ती आडव्या उजेडात धरा. खोल मारलं असन तं दिसन."

पुढच्या रविवारी मी त्याने सांगितलेल्या एका हॉटेलात गेले. सफारीच्या गाड्या जंगलात गेल्या की दुपारी हॉटेल रिकामं असतं. जेवणाच्या ओसरीत चौदा गॅसबत्त्या टांगलेल्या, प्रत्येकीत विजेचा पिवळा बल्ब. कोपऱ्यात स्टोव्ह उलटा करून त्यात निवडुंग लावलेला. मॅनेजर भला माणूस निघाला. शिडी दिली आणि पाहुणे यायच्या आत आटपा म्हणाला.

मी एकेका टाकीवर मोबाईलचा उजेड आडवा धरत गेले. पितळ आरशासारखं. पहिल्या तीन कोऱ्या. चौथीवर, पंपाच्या बाजूला, उजेड एका विशिष्ट तिरकस कोनात आल्यावर बारीक खड्डे उठले आणि त्यांची अक्षरं झाली.  मी वाचलं. ते मावशीचं नाव नव्हतं. एका दंडार मंडळाचं, गावातल्या लोकनाट्यवाल्यांचं, होतं. मी खाली उतरले, शिडी सरकवली. पुढे एकीवर कोणा पाटलाचं नाव, एकीवर गावाच्या पंच कमिटीचं, एकीवर नवराबायकोचं. अकरावीवर नावाचं शेवटचं टोकच उरलं होतं, आधीची अक्षरं घासली गेलेली. एक काना, मग 'बाई'. मावशीच्या नावात 'बाई'च्या आधी काना येत नाही. मी पुढे गेले. चौदावीही कोरी होती.

संध्याकाळच्या बसने मी मामाच्या गावी पोचले. तो अंगणात खाटेवर होता. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, नाही मिळाली.

तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "बाकीचे कोणाकोणाचे होते?"

"एक दंडारवाल्यांचं. एक पाटील. बाकी नीट आठवत नाही."

"लिवून नाई आणले?"

"आपलं नव्हतं ना मामा."

"ते अर्धं नाव. बाईचं होतं म्हन्ते ना?"

"हो."

"मंग तिचा भाऊ कुठी अशीन तं?" मामा आवाज न चढवता म्हणाला. "तुयासारखी त्याची भाची फिरून राह्यली अशीन, अन तू त्या बाईच्या नावावरून उजेड फिरवून निंगाली. पत्रकात तं मोठी लिवते, सगळ्यायसाठी लढतो म्हणून."

  मावशीची बत्ती मी सतराव्या वर्षी अज्ञानाने घालवली होती. ही बाई मी सत्ताविसाव्या वर्षी, सगळं माहीत असताना, शिडीवर उभी राहून सोडली होती.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. दंडार मंडळाचं, पाटलाचं, पंच कमिटीचं आणि नवराबायकोचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. अकरावी बत्ती शोधली तर ती सापडेना. मॅनेजर म्हणाला, काही बत्त्यांना काळा रंग मारलाय, पाहुण्यांना तसं जुनं दिसलेलं आवडतं. रंग जाड होता. उजेड कसाही धरला तरी खाली काही दिसलं नाही. त्या बाईच्या नावातल्या कान्याच्या आधी कोणतं अक्षर होतं, ते थोडंफार दिसत होतं का, मी नीट बघितलं असतं तर लागलं असतं का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

घुग्घुस रस्त्यावरच्या दुकानदाराने बफ थांबवलेला नाही. त्याचं पोट त्यावर आहे. पण नाव असलेला माल तो आता माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. रविवारी मी जाऊन नाव उतरवते, कोणत्या गावाकडून आला ते विचारते, मग तो चाकावर धरतो. "आली का जनगणना," म्हणतो आणि स्टूल पुढे करतो. गेल्या महिन्यात एका कंदिलावर सापडलेलं नाव मी जिवतीकडच्या एका घरी पोचवलं. ते त्यांच्या आजीचं निघालं. त्यांना कंदील नको होता. त्यांनी कागद ठेवून घेतला.

या नावांचं मी एक पत्रक काढलं आहे. त्यात घोषणा नाही, आवाहन नाही, नुसती नावं आणि गावं. ते मी मामाला वाचून दाखवलं. शेवटी मी मावशीचं नाव घातलं होतं. ते ऐकून त्याने मान हलवली.

"तिचं काढ," तो म्हणाला. "सापडली नाई अजून. सापडली का मग टाकशीन."

म्हणून इथेही ते लिहिलेलं नाही. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर आहे.

तुमच्या दिवाणखान्यात, तुमच्या हॉटेलात, तुमच्या दुकानात अशी गॅसबत्ती, कंदील किंवा स्टोव्ह असेल तर तो आजच खाली उतरवा. खोलीतला दिवा बंद करून टाकीवर मोबाईलचा उजेड आडवा धरा आणि ती सावकाश फिरवा. ठिपके दिसले तर जेवढी अक्षरं लागतील तेवढी कागदावर उतरवा, अर्धी असली तरी. वस्तू कोणाकडून घेतली ते आठवा, त्याला ती कोणत्या गावाहून आली ते विचारा, आणि तो कागद त्या गावच्या विहारात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत नेऊन द्या. नाव तुमच्या कोणाचं नसलं तरी.