सीमेपलीकडचा कौल

आमच्या घराण्यात लग्न ठरायचं ते गोव्याच्या कुलदेवीला विचारून. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काका तिथेच, गावी असत, ते सगळ्यांसाठी कौल लावून घेत. नेमकी माझी पाळी आली आणि दिल्लीनं सीमा बंद केली; काकांची पत्रंही येईनाशी झाली.

गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात. लिस्बनच्या लेखी तो समुद्रापारचा त्यांचाच प्रांत. दिल्लीचं धोरण असं, की फौज धाडायची नाही. माल, पैसा, जाणं-येणं रोखायचं, आणि गोवा मोकळा झाला की सढळ हातानं मदत करायची. बाबांना ते बेहद्द पटलेलं. "नाक दाबलं की तोंड उघडतं," असं ते गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांना ऐकवत. संध्याकाळी शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जात आणि घसा बसवून परत येत. नाक पोर्तुगालचं दाबलं होतं, गुदमरत होते मी.

मुलगा परळचा, मी शिकवत असे त्याच शाळेत शिक्षक. त्याच्या घरून दोनदा विचारणा झाली. गोव्याला जायचा परवाना बाबांनी मागितला, तो मिळेना. "गोवा सुटू दे, मग बघू," हे त्यांचं पालुपद. वर्ष गेलं, दुसरं लागलं. मला राग यायचा लिस्बनचा, दिल्लीचा, आणि सगळ्यात जास्त बाबांचा. परळला त्याच्यासाठी दुसऱ्या मुली बघायला लागले, तेव्हा मात्र मी पदर खोचला.

रविवारी बाबा पूजेला बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, देव्हाऱ्यातल्या देवीला विचारा. आज, आत्ता. ती म्हणेल ते मला मान्य."

"आपल्यात घरी कौल लावत नाहीत."

"मग मी लावते."

आई हातातली पोळी टाकून दारात आली. बाबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पितळी मूर्तीच्या खांद्यांना चिकटवल्या आणि प्रश्न मोठ्यानं विचारला. आम्ही तिघं बघत बसलो.

डावी पडली.

शब्द मीच दिलेला, तो मोडणार नव्हते. इथे रडायचं नाही, एवढं ठरवून मी उठायला लागले.

"बस," बाबा म्हणाले. "हे उत्तर धरायचं नाही. देवी गोव्यात आहे. सीमा बंद असताना ती इथे येणार कशी?" मग आईकडे वळून म्हणाले, "परळला निरोप धाड. याच महिन्यात मुहूर्त बघू."

आई डोळे पुसायला लागली. मला मात्र राहवेना.

"आणि बाबा, उजवी पडली असती तर?"

त्यांनी पडलेली पाकळी उचलून निर्माल्यात टाकली.

"तर देवी आली, असं म्हटलं असतं."