दहाव्याच्या कावळ्याचे फोटो

६ जून २०१४, शुक्रवार. बाबांचा दहावा. मुसी नदीकाठचा घाट, सकाळ. हजर: माझा धाकटा भाऊ, वहिनी, नांदेडहून आलेले काका, गुरुजी आणि मी. गैरहजर: आई. गुडघ्यांमुळे तिला घाटाच्या पायऱ्या जमत नव्हत्या. बरकतपुऱ्याच्या घरी शेजारणीला सोबतीला घेऊन ती वाट पाहत बसली होती.

सामानाची यादी मी आदल्या दिवशीच केली होती. यादीबाहेरची वस्तू एकच, माझा कॅमेरा, लांब पल्ल्याच्या लेन्ससकट. तो आईने न्यायला लावला होता. "दर रविवारी तलावावर जाऊन बगळ्यांचे फोटो काढतेस ना? मग आज कावळ्याचा काढ. शिवला की मला दाखव. तोंडी सांगितलेलं मला नको."

पिंडाला कावळा शिवला म्हणजे जाणारा समाधानाने गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलं आहे, आणि घरच्यांनी ते ओळखून शब्द द्यायचा. बाबांचं काय राहिलं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच आठवड्यात आंध्र प्रदेशाचे दोन तुकडे झाले होते, आमचं शहर नव्या राज्यात आलं होतं. रस्त्यांवरच्या गुलाबी पताका अजून उतरल्या नव्हत्या. भाऊ सरकारी खात्यात. आता कर्मचाऱ्यांचीही वाटणी होणार होती. उरलेल्या आंध्रात त्याला वरची जागा मिळण्यासारखी होती आणि त्याला जायचं होतं. आई घर सोडायला तयार नव्हती. मी सिकंदराबादला, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. शेवटचे काही महिने बाबांनी एकच प्रश्न धरला होता, हिच्याजवळ कोण राहणार?

पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्यावा हा माझा नियम. म्हणून मी खालच्या पायरीवर बसले. पिंड समोर, मागे एक दगड, त्यामागे मुसीचं काळपट पाणी. डावीकडे दुसऱ्या कुटुंबाच्या पिंडांवर कावळ्यांची झुंबड उडाली होती. आमच्याकडे एकही येईना.

"अम्मा, कव्वे की फोटू कायकू?" फुलवाल्याने विचारलं.

काका म्हणाले, "तिला काय, ती यमाचाही काढंल. काय गं, लग्नाचं शूटिंग करायलीस का? पोज द्यायला लाव त्याला."

वहिनीला हसू आलं, तिने पदर तोंडावर धरला. आणि तेवढ्यात कावळा आला. एकटाच. पिंडामागच्या दगडावर बसला. काव नाही, मान वाकडी करणं नाही. डावीकडची झुंबडही गप्प झाली. पाहिलं तर तिथले सगळे कावळे उडून गेले होते, अर्धवट खाल्लेला भात टाकून.

"बोला आता," काका हळू आवाजात म्हणाले, आणि हात जोडून स्वतःच सुरुवात केली. "दादा, बांधाचं भांडण मी मिटवतो. काळजी करू नको."

कावळा हलला नाही.

"मामंजी, आईंच्या औषधपाण्यात खंड पडू देणार नाही," वहिनी म्हणाली.

नाही.

मग सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला, "मी आईला सोडून कुठं जात नाही."

कावळ्याने मान त्याच्याकडे वळवली. मग माझ्या लेन्सकडे. मी बटण दाबून धरलं. तो दगडावरून उतरला नाही. आम्ही वाट पाहिली. शेवटी मी पाय मोकळे करायला उभी राहिले आणि उभ्यानेच आणखी काही फोटो घेतले.

"पुढची मंडळी थांबलीत," गुरुजी म्हणाले. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विधी पुरा केला. खरा कावळा ते बघत होता. नंतर पाण्यालगत उडत गेला.

घरी आईने कुणालाही काही विचारलं नाही. एकच शब्द, "फोटो." म्हटलं, आधी कॉम्प्युटरवर घेते.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी हललेले फोटो काढून टाकायचे. मग डोळा मिटलेले. पक्ष्यांना पांढुरकी तिसरी पापणी असते. ती क्षणभर डोळ्यावरून सरकते आणि तेवढा फोटो वाया जातो. सलग काढलेल्या फोटोंत असा एखादाच निघतो. या कावळ्याचा डोळा काकांच्या वेळी काळा, चकचकीत होता. वहिनीच्या वेळीही. भावाच्या शब्दानंतरच्या प्रत्येक फोटोत तो पांढरा होता. प्रत्येक. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिले. पांढरा डोळा आणि त्याचा रोख सरळ माझ्याकडे. भर दुपारी, कूलर बंद असताना, माझ्या हातावर काटा आला.

मग मी पुढचं काम केलं, कारण पुढचं काम होतं. त्यातल्या त्यात चांगली चौकट निवडली. क्षितिज सरळ केलं. भावाचं कोपर, स्टीलची कळशी, शेजारच्या लोकांचे पाय, सगळं कापलं. पिंड आणि कावळा एवढंच ठेवलं. सावल्या थोड्या उजळल्या. लांब लेन्सने खालून फोटो घेतला की मागचं-पुढचं एकमेकांना चिकटतं. चोच भातावर टेकल्यासारखी दिसत होती.

"आई, गुरुजींनी दर्भाचा—" मी म्हणत होते. ती भिंतीला धरून माझ्या मागेच उभी होती.

"शिवला," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "कोणत्या शब्दाला रे?"

काका पंख्याकडे बघायला लागले. वहिनी स्वयंपाकघरात गेली.

"तुला सोडून जाणार नाही म्हणालो," भाऊ म्हणाला, "तेव्हा."

"मग झालं." त्या दिवशी ती पोटभर जेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगू लागली, कोणत्या शब्दाला शिवला त्यासकट.

काही महिन्यांनी कर्मचाऱ्यांनी कोणतं राज्य हवं ते लिहून द्यायची वेळ आली. भाऊ सिकंदराबादला माझ्याकडे आला. चहा घेतला नाही.

"ताई, तिला पूर्ण फोटो दाखव. न कापलेला. अंतर दिसू दे."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर मी खोटा. फोटोने सांगितलं तर निदान कॅमेरा खोटा."

"हौ, आणि कॅमेरा माझा."

तो हसला नाही. मी फाइल उघडली. उभ्याने काढलेल्या फोटोंत एक स्वच्छ निघाला. वरून घेतल्यामुळे पिंड वेगळा, दगड वेगळा, मध्ये वीतभर ओली फरशी. भावाने श्वास सोडला.

"हाच. आबिड्सच्या स्टुडिओत नेऊन मोठा करून आण. उद्याच."

प्रिंटला देण्याआधी मी फोटो मोठा करून कोपऱ्यांपर्यंत तपासते, सवय आहे. तपासताना चोचीच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला. लांबट.

"धूळ असेल," भाऊ म्हणाला. "पूस."

"कॅमेऱ्यातली धूळ काळी दिसते. आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी."

"मग भाताचं शीत आहे म्हणतेस? दुसऱ्या कुणाच्या पिंडाचं असेल."

मी आधीचे फोटो काढले. दगडावर येऊन बसला तेव्हा चोच स्वच्छ. काकांच्या वेळी स्वच्छ. वहिनीच्या वेळी स्वच्छ. भावाच्या शब्दानंतर खालून काढलेल्या फोटोंत चोचीमागे पिंडाचा भात, काही कळत नाही. मग मी उभी राहिले, आणि ठिपका.

"तो दगडावरून हलला नव्हता," भाऊ म्हणाला. "आपण सगळे बघत होतो."

"हो."

"तू तर लेन्समधून बघत होतीस."

"मी उभी राहीपर्यंत नजर काढली नव्हती. नाही हलला."

त्याने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. कावळा त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता, त्या पांढऱ्या डोळ्याने.

"पूस, ताई," तो हळूच म्हणाला. "एका क्लिकचं काम आहे तुझं."

खरंच आहे. डाग पुसायचं साधन मी दर रविवारी शेकडो वेळा वापरते. मी त्याचं वर्तुळ ठिपक्यावर नेलं. धूळ असती तर विचार केला नसता. वर्तुळ तिथेच राहिलं. भाऊ उठला, चपला घातल्या, जिना उतरला.

मुदतीच्या आत त्याने इथलंच लिहून दिलं. तिकडची वरची जागा दुसऱ्याला मिळाली. आईजवळ तो राहतो, आणि त्या फोटोबद्दल माझ्याशी बोलत नाही.

दर जानेवारीत मी राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवते. त्यात ही ओळ असते: उभ्याने काढलेला कावळा. ठिपका पुसणे किंवा ठेवणे. मग पूर्ण प्रिंट, आईसाठी. यंदाही उतरवली आहे. पुढे खूण नाही.