प्रीतमची चौकशी

सुनंदाताई करंदीकरांनी आजवर तीन-चार मुलांच्या स्थळांच्या चौकशीचे फोन घेतले होते आणि दर वेळी एकच उत्तर दिलं होतं: मुलगा अगदी नाकासमोर चालणारा आहे. त्यातला एक तर तेव्हा दोन ठिकाणी अडकलेला होता. पण आपण कशाला कोणाचं मोडा, हे त्यांचं धोरण. त्यामुळे परदेशात, कनाटातल्या त्यांच्या घरी फादर गॅलाघरांचा पाच पानी फॉर्म आला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि मनात म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम.

फॉर्म प्रीतम तुस्कानोबद्दल होता. प्रीतम मूळचा वसईचा, चौतिशीतला, टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आणि गेली पाच वर्षं करंदीकरांच्या बेसमेंटमधला भाडेकरू. दीड वर्ष तो महिन्यातून एक वीकएंड डाउनटाउनमधल्या एका धर्मसंघाच्या घरी राहायला जात होता. तिथे व्रतस्थ फादर आणि ब्रदर एकत्र राहत, एकत्र प्रार्थना करत आणि पाळीपाळीने भांडी घासत. प्रीतमला त्यांच्यातला एक होऊन पुढे धर्मगुरू व्हायचं होतं. पण आपल्याला देवाचं पाचारण आहे असं त्याला वाटून भागत नव्हतं, संघालाही तसं दिसायला हवं होतं. म्हणून संघाची निवड बघणाऱ्या फादर गॅलाघरांकडून त्याला जवळून ओळखणाऱ्या सहा जणांना हे फॉर्म गेले. कोणी काय लिहिलं ते प्रीतमला कळवायचं नाही, असा नियम.

सुनंदाताईंनी भराभर लिहायला घेतलं. निर्व्यसनी. चांगल्या घरातला. स्वयंपाक येतो, बोंबलांचा वास सोडला तर तक्रार नाही. मुलींच्या भानगडी नाहीत, हे लिहिताना त्यांना हसू आलं. ही गोष्ट एखाद्या मुलाच्या इतकी कामाला येताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. चौथ्या पानावर मात्र पेन अडलं. प्रश्न होता: दुःखात असलेल्या माणसाजवळ हा थांबू शकतो का?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांचे यजमान नंदन गेले. मुलगी ईशिता देशाच्या दुसऱ्या टोकाहून, कोक्विटलामहून आली आणि आठ दिवसांनी नोकरीवर परतली. त्यानंतर महिनाभर प्रीतमने ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल केला, ग्रोसरी आणली, गाडीची बॅटरी बदलली, विम्याचे कागदसुद्धा भरून दिले. पण नंदनना दर रविवारी बुद्धिबळात हरवणारा हा मुलगा एकदाही वर येऊन खुर्चीवर टेकला नाही. पिशव्या दारात ठेवायचा, "काही लागलं तर टेक्स्ट करा, काकू," म्हणायचा आणि त्यांचा आवाज जरा कापला की जिना उतरायचा. एकदा त्या बोलताबोलता रडल्या, तर "फर्नेसचा फिल्टर बघून येतो" म्हणून खाली हीटिंगकडे जो गेला तो गेलाच.

फॉर्म चार दिवस डायनिंग टेबलवर पडून राहिला. थाप मारायला काहीच लागत नव्हतं, हात बसलेला होता. पण उद्या हा मुलगा कोणाकोणाच्या मरणाच्या खोलीत पाठवला जाणार होता. तिथून तो कुठल्या कामाला पळणार? पाचव्या दिवशी सुनंदाताईंनी खरं ते लिहिलं, फिल्टरसकट, आणि पोस्टात टाकून आल्या. मग कितीतरी दिवस त्यांना अन्न गोड लागेना. आपण खरं लिहिलं, की दोन वर्षांचं उट्टं काढलं?

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी प्रीतम वर आला. चेहरा उतरलेला.

"या वर्षी घेत नाहीयेत, काकू. एक वर्ष हॉस्पिसमध्ये व्हॉलंटियर करायचं. कामं नाही करायची, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटजवळ जस्ट बसायचं. मग परत अप्लाय कर म्हणाले. तेव्हाही घेतीलच असं नाही."

सुनंदाताईंना गप्प राहता आलं असतं. नियमच तसा होता.

"ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या.

"वाटलंच मला. बाकी फॉर्म बहुतेक ऑफिसातल्यांना गेले. तिथे कोण रडतंय माझ्यासमोर?"

"खोटं लिहिलं का मी?"

"नाही. पण मी पाच वर्षं खालीच राहतोय. आधी मला सांगायचं ना, काकू. डायरेक्ट फादरना कशाला?"

हे त्यांच्या वर्मी लागलं. चौकशी करणाऱ्या परक्या माणसाला पानभर लिहून दिलं, आणि ज्याला सांगायचं त्याला दोन वर्षांत एक अक्षर नाही. म्हणजे पळणारा तो एकटाच नव्हता.

"मग आता सांगते. बस."

तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"तू आत आला नाहीस रे. रोज दारापर्यंत आलास आणि आत आला नाहीस. फार राग आला होता मला तुझा. काकांबद्दल बोलायचं होतं, आणि या घरात दुसरं होतं कोण?"

त्यांना रडू फुटलं. प्रीतमची नजर जिन्याकडे गेली. सुनंदाताईंना ते दिसलं, पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या दिवशी नंदन पाणी मागत होते आणि डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून त्यांनी दिलं नव्हतं, घोटभरसुद्धा नाही. हे त्यांनी ईशितालाही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी प्रीतमला सांगितलं.

प्रीतम रडत होता, पण बसून होता.